दर जानेवारीला सुरू, लेवीयापाशी बंद: रोजचं बायबलवाचन टिकत का नाही?

फाउंड्रीत मेंटेनन्सला मला बावीस वर्षं झाली. ब्लोअरची मोटर ट्रिप मारली की नवा पोरगा रिलेचं, म्हणजे लोड जास्त झाला की मोटर आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाचं, बटण दाबतो आणि पुन्हा चालू करतो. अर्ध्या तासात ती परत बंद पडते. तिसऱ्या खेपेला कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवतं आणि पाळी सुटायच्या आत मोटरचं वाइंडिंग जळतं. खरं तर पहिल्याच खेपेला लोड बघायचा असतो. बेअरिंग धरलंय का, पट्टा जास्त ताणलाय का, एखादी फेज गेलीय का, हे बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नसतो.

रोजच्या बायबलवाचनाबाबत मी कितीतरी वर्षं नुसतं बटणच दाबत होतो. वॉचनाइटच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या, उपासनेत निश्चय करायचा, १ जानेवारीला बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडायचं, फेब्रुवारी उजाडेपर्यंत बंद. पुढच्या वर्षी सेटिंग वाढवायचं: यंदा रोज पाच अध्याय. ते आणखी लवकर बंद पडायचं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात मी आता रविवारी बसतो, तिथली पोरंही हेच सांगतात, आणि सांगताना मान खाली घालतात. त्यांना वाटतं आपला विश्वासच कमी आहे. मला तसं वाटत नाही. विश्वास नसता तर ती दर वर्षी पुन्हा सुरुवात करायला आलीच नसती. बिघाड दुसरीकडे आहे आणि तो सापडतो.

आधी बघा, नेमकं कुठे थांबतं

बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन अध्याय येतात. या वेगानं उत्पत्तीचे ५० अध्याय जानेवारीच्या मध्यापर्यंत होतात. अब्राहाम, याकोब, योसेफ, सगळ्या गोष्टी आहेत, वाचन पळतं. पुढच्या पुस्तकाचे, निर्गमाचे, पहिले वीस अध्यायही पळतात. मग साधारण २३ जानेवारीला निर्गमाचा पंचविसावा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: फळ्या, उथळ्या, पडदे, कड्या. २८ जानेवारीच्या सुमाराला तिसरं पुस्तक, लेवीय, लागतं. होमार्पण, पापार्पण, चरबी, गुरदे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गणना, म्हणजे शिरगणती.

तुमच्या बायबलची पानं बाजूनं बघा. बोटं लागून मळलेली पानं कुठपर्यंत आहेत आणि कोरी कुठून सुरू होतात ते दिसेल. बहुतेकांची रेघ याच दहा-पंधरा दिवसांत पडते. जिथं चढ सुरू होतो तिथंच गाडी थांबते, आणि चढाला लागायच्या आत आपण पाठीवर किती ओझं घेतलंय हा खरा प्रश्न आहे.

थकीत अध्याय

मला जो खरा बिघाड सापडला तो हा. एक दिवस चुकल्यानं वाचन तुटत नाही. चुकलेलं भरून काढायला जातो तेव्हा तुटतं.

हिशेब बघा. सोमवारी कारखान्यात ब्रेकडाउन, घरी यायला रात्रीचे अकरा. तीन अध्याय राहिले. मंगळवारी सहा वाचायचे, त्यातले चार वाचून झाले, दोन राहिले. बुधवारी पाच, त्यातले तीन झाले. गुरुवारी घरात पाहुणे. शुक्रवारी आठ. मला तीन अध्याय नीट वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आठांना तास जातो. शनिवारी ते पुस्तक दिसलं तरी सावकार दारात आल्यासारखं वाटतं. मग माणूस तिकडे बघायचंच टाळतो. देवाच्या वचनाची थकबाकी झाली की ते वचन आपल्याला बोलावत नाही, वसुलीला येतं.

याचं उत्तर मला त्याच निर्गमात मिळालं, सोळाव्या अध्यायात. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा. नियम असा की ज्यानं त्यानं त्या दिवसापुरता गोळा करायचा, माणशी एक ओमर एवढं माप. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, कारण सातवा दिवस विसाव्याचा.

माझी मावशी कागलकडं असते, दोन म्हशी आहेत. तिला मी हे वाचून दाखवलं तर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "काल डेअरीला दूध घालायला जमलं न्हाई म्हणून कालचं शिळं आजच्या ताज्यात वतलं, तर सगळंच नासतंय की रं." एवढं नेमकं मला कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं.

म्हणून पहिली दुरुस्ती: चुकलं ते सोडून द्या आणि आजचं वाचा. वहीत त्या तारखेपुढे फुली मारा आणि पुढं चला. सोडलेला अध्याय कुठं पळून जात नाही, पुढच्या फेरीत तो परत भेटतो.

दुसरी दुरुस्ती लोडची. बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, २६० अध्याय आहेत. वर्षाचे आठवडे ५२. आठवड्याला पाच अध्याय वाचले तर बरोबर २६० होतात. म्हणजे दिवसाला एकच अध्याय, तोही आठवड्यातले पाच दिवस, आणि वर्षात अख्खा नवा करार. दोन दिवस मोकळे राहतात. त्यातला एक रविवार, कारण त्या दिवशी उपासनेत वचन ऐकणं होतंच. दुसरा दिवस आजारपण, लग्नकार्य, ओव्हरटाइम यांच्यासाठी. यंत्रात थोडी मोकळीक ठेवावी लागते. दोन भाग अगदी घट्ट बसवले तर तापले की ते एकमेकांना धरतात.

रॉबर्ट मरे मक्शेन नावाच्या स्कॉटलंडच्या तरुण पाळकानं १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही जगभर चालतो. त्यात रोज चार ठिकाणचं वाचायचं असतं आणि वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण ज्याचं वाचन पाच वेळा तुटलंय त्यानं सहाव्यांदा तिथून सुरुवात करू नये. मार्कपासून करावी. १६ अध्याय, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, सगळ्यात लहान, घटना एकामागून एक येतात. तीन-सव्वातीन आठवड्यांत एक अख्खं पुस्तक संपतं, आणि संपवल्याचा तो अनुभव फार मोठा असतो. मग फिलिप्पैकरांस, चारच अध्याय. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये. जुन्या करारातले ९२९ अध्याय याच गतीनं गेलात तर साडेतीन वर्षं लागतात. लागू देत. मला चार लागली.

"पहाटे उठून वाचा" हे कुणाला जमतं?

प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. प्रवचनात ते वारंवार सांगतात आणि ते सुंदरच आहे. पण दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा, पंचावन्नाव्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा आहेत आणि पहिल्या स्तोत्रातला मनुष्य रात्रंदिवस मनन करतो. पहाटच हवी असा नियम शास्त्रात नाही.

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमच्या कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला बदलतात. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. "सकाळी सहा वाजता" असं ठरवलं तर तीनातल्या एका आठवड्यात मी सहाला फर्नेसपाशी उभा असतो. म्हणून मी वाचन घड्याळाला बांधायचं सोडलं आणि कामाला बांधलं. आंघोळ झाली की वाचायचं, वाचून झालं की खायचं. पाळी कुठलीही असो, आंघोळ आणि जेवण चुकत नाही.

बायकोचं वेगळं. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हापासून डबे भरून मुलं बाहेर पडेपर्यंत तिला श्वास घ्यायला सवड नसते. तिला पहाटेची शांत वेळ सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. ती साडेदहाला दुसरा चहा ठेवते. चहा उकळून निवेपर्यंत तिचा अध्याय होतो. आमच्या दोघांत खाडे तिचेच कमी पडतात.

तुमचं काम कुठलं ते तुम्ही शोधा. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधीचा वेळ असेल, केएमटीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावरचा असेल, कॉलेजच्या पोरांना झोपायच्या आधी मोबाइल चार्जिंगला लावतानाचा असेल. रोज न चुकता होणारं एखादं काम शोधायचं आणि वाचन त्याच्या आधी किंवा लगेच नंतर ठेवायचं.

पुस्तक कुठे असतं?

आमच्याकडे आजोबांचं बायबल पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं असायचं. नाताळला आणि कुणी वारलं की ते खाली यायचं. मान म्हणून वर ठेवलेलं, पण हाताला लागत नव्हतं. रोजचं वेगळं होतं, टेबलावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा आम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. मुलं, कागदपत्रं, औषधं एवढं घेऊन नातेवाइकांकडे निघालो. शिरोलीजवळ हायवे बंद, कारखाना बंद. आठवड्यानं परत आलो तर टेबलावरचं बायबल फुगून त्याची वीट झाली होती. पुढचे दोन महिने चिखल काढणं, गाद्या टाकणं, पंचनामा यांत गेले. त्या दोन महिन्यांत मी एक ओळ वाचली नाही. परत सुरू करायची लाज वाटत होती, एवढा मोठा खंड कसा भरून काढणार म्हणून.

कपाटावरचं मात्र कोरडं राहिलं होतं. एका सकाळी बायकोनं त्याचं कापड सोडलं आणि ते ओट्याच्या शेजारी फळीवर ठेवलं. म्हणाली, "आता हेच रोजचं." मी विचारलं, "कुठनं सुरू करायचं?" तिनं विलापगीत काढलं, तिसरा अध्याय. उद्ध्वस्त यरुशलेमेत बसलेला माणूस म्हणतोय की परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते. मी तो अध्याय आधीही वाचला होता. भिंतीवर छातीपर्यंत पाण्याची रेघ असताना वाचला तो वेगळा होता. खंड कसा भरून काढायचा हा प्रश्न तिथंच संपला.

तेव्हा पुस्तक हाताच्या अंतरावर ठेवा, हळदीचा डाग पडला तरी चालेल. मोबाइलमध्ये यूव्हर्जनसारखं ॲप आहे, त्यात मराठी बायबल आहे, प्रवासात ते फार उपयोगी पडतं. पण घरी मी कागदच वापरतो. मोबाइलवर अध्यायाच्या मध्यात मेसेज वर येतो आणि मन गेलं की गेलं. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांना ऐकवा. रोमकरांस पत्रात पौल विश्वास ऐकण्यानं होतो असंच म्हणतो.

भाषा अंगावर येते

"भावा, वाचतो पण कळत नाही," हे पोरं हळू आवाजात सांगतात. यात लाज काही नाही. जुन्या भाषांतराची मराठी भारदस्त आहे, मला ती आवडते, पण नव्या वाचकाला अर्घ्य, दशमांश, प्रायश्चित्त असे शब्द सलग आले की धाप लागते. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला गेला १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांच्याकडे. तेव्हापासून भाषांतरं पुन्हा पुन्हा होत आली, कारण भाषा बदलते. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ साली छापून आलं. संस्कृत मुखोद्गत असलेल्या बाईला साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी होती, हे मला फार मोठं वाटतं. तेव्हा सोप्या मराठीतलं भाषांतर बिनधास्त घ्या. आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अडलेलं वाक्य कानाला पुष्कळदा सुटतं.

वाचतो, पण मनाला लागत नाही

हा बिघाड सगळ्यात चिवट, कारण यात खाडा पडत नाही. रोज टिक होते, तरी आत कोरडं.

माझ्यापुरता उपाय लेवीयातच सापडला, जिथं मी दर वर्षी थांबायचो. एकोणिसाव्या अध्यायात नियम आहे: शेत कापताना कडेकोपरे पार कापू नका, गळालेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. मी हे वाचून पुढं जात होतो. आई शेजारी गहू निवडत होती. ती म्हणाली, "सरवा? म्हणजे शेंगांचा सरवा?" मग तिनं सांगितलं, भुईमूग काढून झाला की ती आणि तिच्या बहिणी लोकांच्या रानात मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला जायच्या. काही मालक हाकलायचे. एक म्हातारा मात्र काही बोलायचा नाही, उलट गड्यांना म्हणायचा, पार झाडून नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी लेवीय सोडून रूथ काढलं. चार अध्यायांचं पुस्तक. मवाबातून आलेली विधवा, परकी, सासूला घेऊन बेथलेहेमात, आणि सातूच्या हंगामात सरवा वेचायला रानात जाते. तिला तो वेचता येतो तो लेवीयातल्या त्याच नियमामुळे. आणि बवाज नियमाच्याही पुढं जातो, गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी टाका. हेच रूथचं नाव मत्तयाच्या पहिल्या अध्यायात, आपण नेहमी गाळतो त्या वंशावळीत, येशूच्या पूर्वजांत येतं. दोन अध्याय, ज्यांना मी कोरडे समजत होतो, त्यांच्यामधून एक भुकेली बाई चालत गेलेली आहे. आणि माझी आईही तशाच रानातून गेलेली.

त्या दिवसापासून मी वाचताना एवढंच करतो: एक शब्द असा धरतो जो माझ्या घरात, कामात, गावात कुठंतरी आहे, आणि तो वहीत लिहितो. एक ओळ, जास्त नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम आहे की गादीवर बसल्यावर त्यानं नियमशास्त्राची नक्कल लिहून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचावी. राजालाही लिहिण्यातून सुटका नाही. शंभर रुपयांची वही दोन वर्षं पुरते.

अडलेलं कुणाला तरी विचारा, मनात ठेवू नका. बिरुया गावचे लोक रोज शास्त्र तपासून बघत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच आहे.

सकाळी आलेलं वचन

मोबाइलवर रोज फुलांच्या चित्रावर एक वचन येतं. त्यानं धीर मिळतो, मी ते नाकारत नाही. पण तेवढ्यावर वाचन सोडू नका. यिर्मया २९:११ घ्या, हिताचे संकल्प, आशा देणारं भविष्य. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण वरचं दहावं वचन वाचलं तर कळतं की हे बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं भलं चाहा, असंही वर आहे. ज्याची नोकरी गेलीय त्याला नुसतं अकरावं वचन आठवडाभर पुरेल. अख्खा अध्याय त्याला दोन वर्षं धरून ठेवील.

अजून न सुटलेलं

तिसरी पाळी. सकाळी सातला सुटून घरी आलो की आंघोळ होते, पण डोळे मिटत असतात. दुसऱ्याच ओळीला बोट घसरतं. गेल्या वर्षभर त्या आठवड्यात मी नवा अध्याय घेत नाही. स्तोत्रंच वाचतो, तीही लहान. एकशेसतरावं दोनच वचनांचं आहे, एकशेचौतिसावं तीन. त्या एकशेचौतिसाव्यात परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहणारे सेवक आहेत, म्हणून ते मला जास्त जवळचं. आता मी ते कारखान्यातच वाचून बघतोय, रात्री अडीचच्या चहाला, लॉकरमध्ये ठेवलेल्या छोट्या नव्या करारातून. त्याच्या मागं स्तोत्रसंहिता जोडलेली असते. तीन आठवड्यांच्या फेऱ्या दोनदा झाल्या, अजून टिकलंय. रात्रपाळी करणाऱ्या कुणाला याहून बरं काही सापडलं असेल तर रविवारी उपासनेनंतर गाठा मला, मी पार्किंगपाशी असतो.